तेलाचा शेवटचा थर

ड्रम कोरडा होता म्हणे. साहेबांनी बोट फिरवून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही, म्हणून ड्रम कोरडा. ड्रम कोरडा म्हणजे ब्रेक ठणठणीत, ब्रेक ठणठणीत म्हणजे भारतनं दांडी ओढलीच नाही, आणि दांडी ओढली नाही म्हणजे देविदासचा पाय भारतमुळेच गेला. एका बोटाच्या जोरावर माणसाला असं सुळावर चढवता येतं हे मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं. आणि मी तर शिकवण्याचाच धंदा करते.

मी हुस्ना. मूळची नांदेडची, लातूरला ट्युशन एरियात पोरांना फिजिक्स शिकवते. एकटी राहते आणि स्वयंपाकाचा मला मनस्वी कंटाळा आहे. बबिता मला दोन्ही वेळचा डबा आणून देते. तिचा नवरा भारत हणमंतरावांच्या डाळ गिरणीत लिफ्टवर होता. लिफ्ट म्हणजे दवाखान्यातली गुळगुळीत लिफ्ट नव्हे. वरच्या मजल्यावरची डाळीची पोती खाली आणायचा लोखंडी पाळणा. वर नेताना मोटार ओढते, खाली येताना तो आपल्या वजनानं उतरतो आणि त्याला आवरायला एक ब्रेक असतो. लोखंडी ड्रमभोवती पट्टा. दांडी ओढली की पट्टा ड्रमला आवळतो आणि पाळणा थांबतो. भारत तीन-चार वर्षं ती दांडी सांभाळत होता.

दसऱ्याची सुट्टी संपली, गिरणी उघडली आणि पहिल्याच खेपेला भरलेला पाळणा थांबला नाही. खाली देविदास हातगाडी लावत होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. देविदास आणि भारत दोघं रेणापूर तालुक्यातल्या एकाच गावचे, एकाच गल्लीतले. भारतनंच त्याला हमालीला आणलं होतं.

पुढं काही दिवसांनी एका दुपारी बबिता डबा घेऊन आली ती दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले.

"मॅडम, तुम्ही सायन्स शिकवताव ना? मग मला एक सांगा. मालकानं समद्यांसमोर वाचून दाखीवलं. इन्शुरन्सच्या साहेबानं लिवलंय म्हने, ड्रम कोरडा व्हता, पट्टा चांगला व्हता, मानूस मोबाईलवर व्हता. यांचा मोबाईल तर त्या दिवशी घरी चार्जिंगला लावलेला व्हता की ओ!"

"मग हे सांगितलं का त्यांना?"

"सांगलं. मालक म्हन्ले, बायकूच ती, नवऱ्याच्याच बाजूनं बोलनार." ती खाली बसली. "देविदासची बायकू गावात आमच्या दारावरून जाताना थुकून जायली मॅडम. अन् हे तर आता मलाच इचारतेत, म्या दांडी खरंच वडली व्हती का गं? स्वतःलाच ठावं न्हाई झालंय त्यांना."

हे ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. माणसाचा पाय गेला ते वेगळंच, पण धडधाकट माणसाला त्याच्याच हाताची खात्री वाटेनाशी करायची म्हणजे काय? मी डबा बाजूला सारला आणि तिला विचारलं, "दसऱ्याच्या आधी गिरणी साफ केली होती?"

"हाव की. खंडेनवमीला पूजा ऱ्हाती. समदी मशीनं घासून-पुसून लख्ख करतेत. मालकाचा रिवाजच हाय, ज्या बाईनं पुसलेलं मशीन लई चमकतंय तिला मालक समद्यांपुढं साडी देतेत. म्हनून बायका जीव तोडून पुसतेत."

"कशानं पुसतात?"

"करडईच्या तेलानं. आधी तेलाचं बोट फिरवायचं, मग कोरड्या फडक्यानं घासायचं. तेलाचा मागमूस ऱ्हाऊ देत न्हाईत, न्हाईतर धूळ बसती."

मागमूस! मी ताडकन उठले. बबिता घाबरली. तिला वाटलं, मॅडम चिडल्या. चिडले होतेच, पण तिच्यावर नाही.

संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. गिरणीमागच्या वस्तीत दोन खोल्या. भारत बाजेवर बसून होता, दाढी वाढलेली. त्याची आई पंचफुलाबाई तिथंच गिरणीत डाळ निवडायला आणि झाडलोटीला जाते. ती अजून कामावरून आली नव्हती. मी बसलेसुद्धा नाही. विचारलं, "खंडेनवमीला ब्रेकचा ड्रम पुसला होता का? तेलानं?"

"पुसला व्हता. म्हंजी, समदंच पुसलं व्हतं."

"मग कोरड्या फडक्यानं?"

"हाव. आरशावानी झाला व्हता. तोंड दिसत व्हतं त्यात."

मी बबिताकडून दोन स्टीलची झाकणं मागून घेतली. दोन्ही राखेनं आणि साबणानं घासायला लावली, स्वच्छ धुवायला लावली. एका झाकणावर तेलाचं एकच बोट फिरवलं आणि कोरड्या धोतराच्या फडक्यानं ते पुसत राहिले, हात दुखेपर्यंत. मग भारतला म्हटलं, बोट लाव. त्यानं लावलं. कोरडं. बबितानं लावलं. कोरडं. मग दोन्ही झाकणांवर पाण्याचा हबका मारला. घासलेल्या झाकणावर पाणी सगळीकडं सारखं पसरलं. पुसलेल्या झाकणावर त्याचे गोल गोल थेंब झाले आणि इकडून तिकडं पळायला लागले.

"बघितलंस? तेल आहे. बोटाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण पाण्याला कळतं. फडकं वरवरचं तेल नेतं. शेवटचा थर नेत नाही. तो थर एका रेणूच्या जाडीचा असतो, केसाच्या जाडीत असे हजारो थर बसतील. रेणूचं एक टोक लोखंडाला घट्ट धरून असतं, दुसरं टोक वर उभं असतं, ब्रशच्या केसांसारखं. पट्टा लोखंडाला टेकतच नाही भारत, तो त्या केसांवरून घसरतो. तू दांडी ओढली होतीस. जीव खाऊन ओढली असतीस तरी पाळणा थांबला नसता!"

मला वाटलं होतं, हा माणूस उठून उभा राहील, निदान रडेल तरी. भारत त्या झाकणाकडं बघत राहिला. थेंब बघत राहिला. त्याच्या तोंडावरचा रंगच उतरला. मग तो हळूच म्हणाला, "राहू द्या मॅडम."

"काय राहू द्या?"

"जे झालं ते झालं. म्याच उशीर केला आसंल. कशाला उगाच कालवाकालव करायची."

मी त्याच्यावर अक्षरशः ओरडले. म्हटलं, तुझ्यासारख्या गोगलगाईंमुळेच हणमंतरावांसारख्यांचं फावतं. निर्दोष असल्याचा पुरावा हातात देते आहे आणि तू पाय मागं घेतोस? बबितानं पण त्याला बरंच सुनावलं. तो मान खाली घालून बसला. तरातरा बाहेर पडताना दारात पंचफुलाबाई भेटली, पायली-अर्धी पायली चुणी, डाळीचा चुरा, पदरात बांधून आलेली. म्हणाली, "मॅडम, चहा तरी घ्या की." मी थांबले नाही.

रविवारी मी नांदेडला गेले. एसटीत अहमदपूरपर्यंत उभं राहावं लागलं, त्यानं राग आणखी पिकला. घरी अम्मीनं, खातूनबीनं, ताट वाढून ठेवलं होतं. मी दोन घास खाल्ले आणि चप्पल घातली. अम्मी म्हणाली, "अब्बी आई, अब्बी चली. किस से झगड़ने जा रई तू?" मी म्हटलं, "एक इंजिनिअर से." ती म्हणाली, "तो फिर पेट भर के जा."

इन्शुरन्सवाल्यांसाठी पाहणी करणारा सत्यम देगलूरकडचा, नांदेडला त्याचं ऑफिस, रविवारीही उघडं. पोरगेलासा, नीटनेटका, बोलायला अगदी गोड. त्याला मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि हसला. त्या हसण्यानं माझं डोकं उठलं.

"मॅडम, मी स्वतः हात लावून पाहिलाय. तेल असतं तर हाताला लागलं असतं. आणि तुम्हाला मी काय सांगू, घर्षण तर खडबडीतपणामुळं असतं. पट्ट्याचं अस्तर चांगलं खरखरीत आहे. ते ड्रमला अडकणारच."

खडबडीतपणा! तेच ते चित्र. दोन करवती एकमेकींत दात अडकवून बसलेल्या. वर्षानुवर्षं शाळेच्या पुस्तकात तेच चित्र, पोरं तेच पाठ करतात, तेच लिहून मार्क घेतात, इंजिनिअर होतात आणि मग एखाद्याचा पाय गेला की त्याच चित्रावर बोट ठेवून मोकळे होतात. मला त्या पोराचा राग आला, त्याच्या मास्तरांचा आला, पुस्तक लिहिणाऱ्यांचा आला. आणि मीसुद्धा दर जूनमध्ये परीक्षेपुरतं तेच चित्र फळ्यावर काढते याचाही आला.

"सत्यम, तू घरातले आरसे कधी एकावर एक ठेवलेस? दोन स्वच्छ गुळगुळीत काचा एकमेकींवर दाबल्या तर सुटता सुटत नाहीत. खडबडीतपणाच कारण असता तर त्या सगळ्यात जास्त घसरल्या असत्या ना? ऐक. पृष्ठभाग कितीही घासला तरी त्यावर उंचवटे राहतातच. तू पट्टा ड्रमवर आवळतोस तेव्हा दोघं सगळीकडं टेकत नाहीत, फक्त उंचवट्यांच्या टोकांना टेकतात. सगळ्या क्षेत्राचा जेमतेम हजारावा भाग. पण तिथं दोन्हीकडचे अणू इतके जवळ येतात की ते एकमेकांना धरतात. पाळणा घसरायचा तर ही धरलेली पकड तोडावी लागते. तुटली की अणू थरथरतात, ती थरथर म्हणजे उष्णता. ब्रेक तापतो तो ह्यामुळं. ब्रेक म्हणजे दुसरं काही नाही रे, ही पकड. आणि तेलाचा तो एक थर काय करतो? लोखंडाला तोच आधी धरून बसतो. पट्ट्याला धरायला लोखंडच उरत नाही."

त्याचं हसू गेलं. खरं सांगायचं तर पोरगा वाईट नव्हता. त्यानं टेबलावरच्या काचेवर अंगठा घासला, मग स्वतःच्याच अंगठ्याकडं पाहिलं.

"पण मॅडम, पहिल्या एक-दोन खेपांत तो थर निघून नसता गेला?"

"गेला असता. म्हणून तर पहिल्याच खेपेला झालं! सुट्टीनंतरची पहिली खेप. आणि तेव्हापासून लिफ्टला तुम्हीच सील लावलंय."

तो म्हणाला, "बुधवारी लातूरला येतो. पण मॅडम, तुमचं चुकलं तर मी रिपोर्ट बदलणार नाही."

"आणि माझं बरोबर निघालं तर?" मी विचारलं. त्यानं डायरीत बुधवारची नोंद केली.

बुधवारी गिरणीत मी शिरले तेव्हा हणमंतराव कपाळाला गंध लावून खुर्चीत बसलेले. माझं स्वागत अगदी तोंडभरून. "या या मॅडम. बसा. चहा सांगू का? तुम्ही शिकलेली माणसं, आमच्या गिरणीला तुमचे पाय लागले." पाय हा शब्द त्यांना त्या जागी सहज बोलवला. पलीकडं दहा हातांवर देविदासचं रक्त धुतलेली फरशी होती.

कामगार सगळे जमलेच होते. हमाल, निवडणाऱ्या बाया, त्यांत पंचफुलाबाई. भारतला बबितानं हाताला धरून आणलं होतं. तो कोपऱ्यात उभा राहिला, भिंतीला पाठ लावून.

सत्यमनं सील काढलं. मी बाटलीतलं पाणी ड्रमवर शिंपडलं. पट्टा जिथं जिथं टेकतो त्या मधल्या भागावरसुद्धा, एका खरवडलेल्या ओरखड्याची जागा सोडली तर, पाणी पसरलं नाही. थेंब झाले. सत्यमनं वाकून पाहिलं, बोट फिरवलं, पुन्हा पाहिलं.

"थेंबांचं काय घेऊन बसलात?" हणमंतराव म्हणाले. "अळूच्या पानावरबी थेंब होतेत. म्हणून काय अळूच्या पानाला ब्रेक लागत न्हाई?"

चार माणसं हसली. मी म्हटलं, "बरोबर आहे मालक. मग तुम्हीच लावून दाखवा."

पाळण्याखाली चुणीच्या गोण्या रचल्या, सगळ्यांना लांब उभं केलं. त्या दिवशी होती तेवढीच पोती पाळण्यात भरली, मोटारनं तो वर नेला. आणि दांडीवर हणमंतरावांना उभं केलं. ते का-कू करायला लागले तसं मी म्हटलं, "तुमच्या हातात काही मोबाईल नाही ना? बघून घ्या." मग मात्र ते बाह्या सारून आले. माणूस अंगानं चांगला दणकट. पाळणा सुटला. त्यांनी दांडी ओढली. पाळणा येतच राहिला. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली, मागं रेलून, सगळं वजन टाकून, तोंड लालभडक झालं, आणि पाळणा धाडकन चुणीच्या गोण्यांवर आदळला. चुणीचा धुरळा उडाला.

"आता ड्रम घासा," मी म्हटलं. "गरम पाणी, भांड्याची पावडर, काथ्या. पट्ट्याचं अस्तर काचपेपरनं खरवडा."

बायांमधून पंचफुलाबाई पुढं आली. पदर खोचला आणि ड्रम घासायला बसली. ती बाई काम करते तेव्हा तिच्याकडं बघत राहावं. कोपरा न् कोपरा, कडा न् कडा. भारत एकदम म्हणाला, "माय, तू नको. दुसऱ्या कुनाला तरी करू दे." ती म्हणाली, "का? म्या काय म्हातारी झाले?" आणि घासत राहिली. मग धुतलं, सुकवलं. मी पाणी टाकलं. पाणी सरळ पसरलं, एक थेंब झाला नाही.

पुन्हा पाळणा भरला, पुन्हा हणमंतराव दांडीवर. ह्या वेळी त्यांनी नुसती दांडी ओढली आणि पाळणा अधांतरी थांबला. जागच्या जागी.

बबिता रडायलाच लागली. हमालांमधला एक जण भारतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझा काय कसूर न्हाई गड्या." मी भारतकडं पाहिलं. हा माणूस अजूनही हसत नव्हता. तो त्याच्या आईकडं बघत होता. पंचफुलाबाई ड्रमपाशी बसलेली तशीच बसून होती, ओला काथ्या हातात धरून.

आणि हणमंतराव दांडी सोडून वळले. दांडीवरून हात काढायला आणि शब्द फिरवायला त्यांना सारखाच वेळ लागला.

"बरं. म्हंजी तेलानं झालं म्हणताव. ठीक हाय. मग तेल लावलं कुणी ते बगा की. ह्या पंचफुलानं! ड्रम हिच्याकडं होता. इचारा तिला."

आत्तापर्यंत तेल नव्हतंच. आता तेल होतं, आणि ते पंचफुलाबाईचं होतं.

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या संध्याकाळी थेंब पळताना बघून भारतचा रंग का उतरला, तो राहू द्या राहू द्या का म्हणत होता. त्याला गोगलगाय म्हटलं होतं मी. तो सगळ्या गावाची थुंकी आपल्या अंगावर घ्यायला तयार होता, आईला हे कळू नये म्हणून.

सत्यमनं टॅबलेट काढला होता. तो टाइप करता करता पुटपुटला, "कारण... महिला कामगाराचा निष्काळजीपणा..."

"निष्काळजीपणा?" मी किंचाळले. "ह्या गिरणीत तिच्याइतकी काळजी कुणी घेतली होती का? अरे, काळजीनं पुसलं म्हणून तर इतका पातळ थर बसला! ब्रेकला तेल लागता कामा नये हे तिला सांगायचं काम कुणाचं होतं? तू इंजिनिअर, तुला बोट लावून कळलं नाही. मग तिला कसं कळावं?"

सत्यमचा हात थांबला. तेवढ्यात भारत पुढं आला. हात जोडून सत्यमसमोर उभा राहिला.

"साहेब, पहिलं लिवलेलं तेच राहू द्या. माझंच नाव राहू द्या. दांडी म्याच वडली न्हाई. मोबाईलवर व्हतो म्या."

हे त्यानं अख्ख्या गिरणीसमोर म्हटलं, तो थांबलेला पाळणा डोक्यावर लटकत असताना.

पंचफुलाबाई उठली. सावकाश, गुडघ्यावर हात टेकून. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. ती भारतपाशी आली आणि त्याचे जोडलेले हात तिनं खाली केले.

"खोटं बोलू नको. समद्यांनी बघितलंय आता. तुझा हात दांडीवर व्हता." मग सत्यमकडं वळली. "साहेब, तेल म्या लावलं. मह्या हातानं. ड्रम यंदाच पहिल्यांदा पुसाया दिलता, दोन घंटे घासलं. हे लिवा. पर एकटं मव्हंच लिवू नका. तेल मालकाच्या घरून आलतं. आरशावानी चमकाया पायजे, हे मालक म्हन्ले व्हते. चमकलं म्हनून समद्यांपुढं मला साडी दिली, ड्रमला कुंकू बी त्यांनीच लावलं. आधी सांगनाऱ्याचं नाव लिवा, मंग पुसनारीचं."

"मी चमकव म्हणलो," हणमंतराव उसळले. "तेल लाव म्हणलो का?"

"मंग तेलाचा डबा काहून पाठीवला मालक? भजी तळाया?"

कुणी हसलं नाही. सत्यमनं बायांकडं बघून विचारलं, "ब्रेकला तेल लावू नका, असं तुम्हाला कुणी कधी सांगितलं होतं?" एकेक बाई मान हलवत गेली. नाही. नाही. एक म्हातारी म्हणाली, "आमाला तर दरसाली वरडायचे, अजून घासा म्हनून." सत्यमनं हणमंतरावांकडं पाहिलं. हणमंतराव हिशेबनीसाला चहाचं काय झालं म्हणून विचारायला लागले.

सत्यमनं आधीचं खोडलं आणि पुन्हा टाइप केलं. मी त्याच्या मागं उभं राहून शब्द न् शब्द वाचला, मोठ्यानं वाचला. भारतचं नाव त्यात कुठंही नव्हतं. मालकाच्या आदेशावरून ब्रेकच्या ड्रमला तेल लावण्यात आलं आणि तसं न करण्याची सूचना कोणालाही देण्यात आली नव्हती, असं त्यात होतं. पंचफुलाबाईचं नाव दुसऱ्या ओळीत होतं. त्या ओळीशी मी थांबले, पण तिनं मला हातानं खूण केली, वाचा म्हणून.

खरं निघालं होतं. मी जिंकले होते म्हणायचं. मला त्या क्षणी इतका संताप आला होता की मला त्या ड्रमलाच लाथ घालावीशी वाटत होती. निर्दोष माणसाला सोडवायचं तर तिथं त्याच्या आईला उभं करावं लागतं, आणि ज्यानं हे सगळं करायला लावलं तो चहाची वाट बघत बसतो. असं कसं हे?

पंचफुलाबाईनं हात धुतले, पदरानं पुसले. म्हणाली, "दवाखान्यात जाते. देविदासला म्याच सांगते. दुसऱ्या कुनाच्या तोंडून नको त्याला कळाया."

"माय, म्या येतो," भारत म्हणाला.

"तू नको. तुझं काय हाय त्यात?" मग ती हणमंतरावांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही की काही नाही. "चला मालक. रिक्षा हाय भाईर. आधी तुम्ही सांगा, मंग म्या सांगते."

हणमंतरावांनी मोबाईल काढला. "मला जरा मार्केट कमिटीत जायचंय," ते मोबाईलकडं बघत म्हणाले. "तू जा पुढं."

ती थांबली, बराच वेळ थांबली, ते उठतात का बघत. मग एकटीच बाहेर गेली. रिक्षा निघून गेली तरी हणमंतराव मोबाईलमध्येच बघत होते.